फिशिंग मेल: ओळखायचा कसा, आणि क्लिक झालंच तर कुठून सुरुवात करायची

फिशिंग मेल म्हणजे बँक, कंपनी किंवा ओळखीच्या माणसाचं सोंग घेऊन तुमच्याकडून पासवर्ड, कोड किंवा पैसे काढून घेणारा मेल. त्यात ओळखीत कोणाचं अकाउंट गेलं की फोन बहुतेक वेळा मलाच येतो, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पासवर्ड बदललाय, आता झालं ना?" नाही होत हो. पासवर्ड बदलल्यावरही मेल चोराकडे जातच राहिलेत असं मी पाहिलंय. नेटवर जे सल्ले सापडतात ते ओळखायचं कसं इथेच संपतात, क्लिक झाल्यावर आधी काय आणि नंतर काय ते नीट क्रमाने फार कमी ठिकाणी मिळतं, म्हणून हे लिहायला घेतलं. मेनूची नावं जीमेल आणि आउटलुक डोळ्यासमोर ठेवून दिलीत, बाकीकडे नावं थोडी वेगळी असतील पण गोष्टी त्याच.

आत्ता या क्षणी तुम्ही कुठल्यातरी लिंकवर पासवर्ड टाकून घाबरून बसला असाल तर मधलं सगळं सोडा, थेट ६ नंबरवर जा.

हाताशी एवढं असू द्या:

- एक दुसरा मोबाईल किंवा कॉम्प्युटर, ज्याच्यावर तो मेल उघडलेला नाही
- बँकेचा नंबर, कार्डाच्या मागे छापलेला किंवा पासबुकावरचा (मेलमधला नाही, सर्च करून मिळालेला पण नाही, कारण सर्चमध्ये वरती खोटे कस्टमर केअर नंबर सापडतात)
- मेल अकाउंटला जोडलेला रिकव्हरी नंबर आणि दुसरा ईमेल कुठला आहे ते आठवून ठेवा
- मेल ज्या स्थितीत आलाय तसाच ठेवा, डिलीट करू नका. लोक घाबरून पहिलं काम तेच करतात आणि मग तक्रार करताना दाखवायला काही उरत नाही

१. मेल माझ्याकडून काय करून घ्यायला बघतोय?

मेल खरा वाटतोय का हा प्रश्न सुरुवातीला विचारूच नका. त्याचं उत्तर आजकाल "हो, वाटतोय" असंच येणार. स्पेलिंगच्या चुका बघा, भाषा ओबडधोबड आहे का बघा, हा सल्ला अजून सगळीकडे फिरतोय आणि माझ्या मते तो आता नुकसानच करतो, कारण एआयकडून कोणीही कुठल्याही भाषेत स्वच्छ मेल लिहून घेतो आणि चुका नाहीत म्हणजे मेल खरा असं वाचणारा धरून चालतो. लोगो, रंग, खालचा कॉपीराइटचा मजकूर, सगळं खऱ्या मेलमधून उचललेलं असतं.

त्यापेक्षा मेल काय मागतोय ते बघा. लॉगिन कर, फाइल उघड, पैसे पाठव, कोड सांग, या नंबरवर फोन कर, यातलं एक काहीतरी मागितलंय आणि सोबत घाई किंवा भीती आहे (मेलबॉक्स भरलाय, २४ तासात अकाउंट बंद, पार्सल अडकलंय, तुमच्या नावाने खरेदी झालीय, रिफंड निघालाय), तर तो खरा असो की खोटा, त्याच्यातल्या बटणाला हात लावायचा नाही. बस. खऱ्या कंपन्याही असे मेल पाठवतात हे मला माहीत आहे, त्यांनाही हाच नियम.

"मी तुझा कॅमेरा हॅक केलाय, हा बघ तुझा पासवर्ड, बिटकॉइन पाठव" असा मेल येतो ना, तो याच प्रकारातला. त्यातला पासवर्ड खरा असतो म्हणून लोक हादरतात. तो कुठल्यातरी साइटच्या जुन्या डेटा लीकमधून घेतलेला असतो, कॅमेऱ्याचं काही नसतं. तो पासवर्ड अजून कुठे वापरत असाल तर बदला आणि मेल स्पॅममध्ये टाका.

२. पाठवणाऱ्याच्या नावावर जाऊ नका, पत्ता उघडून बघा

मोबाईलवर मेलच्या वरती फक्त नाव दिसतं आणि नाव काहीही ठेवता येतं. जीमेल ॲपमध्ये नावाखालच्या छोट्या बाणावर टॅप केलं की पूर्ण पत्ता दिसतो. तिथे ॲट या चिन्हानंतरचा भाग वाचायचा, आधीचा नाही. ॲटच्या आधी बँकेचं, सरकारी खात्याचं, अगदी तुमच्या बॉसचं नाव घालून मोफत मेल अकाउंट कोणीही काढतं.

वाचताना अक्षरं सुटी करून वाचा. इंग्रजी छोटी आर आणि एन शेजारी ठेवली की एम दिसते, छोट्या एलच्या जागी एकचा आकडा घालतात, ओच्या जागी शून्य. याहून भारी म्हणजे रशियन लिपीतली अक्षरं, काही अगदी इंग्रजीसारखीच दिसतात. २०१७ मध्ये एका सुरक्षा संशोधकाने ॲपलच्या नावासारखं दिसणारं पण पूर्ण रशियन लिपीतल्या अक्षरांचं डोमेन (म्हणजे साइटचा नोंदवलेला पत्ता) घेऊन दाखवलं होतं, तेव्हाच्या क्रोममध्ये नुसत्या नजरेने फरक कळतच नव्हता. म्हणजे डोळ्यांवर किती भरवसा ठेवायचा ते बघा.

आणि पत्ता शंभर टक्के बरोबर दिसला तरी? ईमेल ज्या एसएमटीपी नावाच्या पद्धतीवर चालतो ती १९८२ सालची आहे आणि तिच्यात पाठवणारा खरंच तोच आहे का हे तपासायची सोयच नव्हती, पाकिटावर प्रेषक म्हणून कोणीही कोणाचंही नाव लिहावं तसं. तपासण्या नंतर वरून जोडल्या गेल्या: एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क. कॉम्प्युटरवर जीमेलमध्ये मेलच्या उजवीकडच्या तीन टिंबांमध्ये 'शो ओरिजिनल' आहे, ते उघडलं की या तिघांपुढे पास का फेल लिहिलेलं दिसतं. फेल असेल तर विषय संपला, विश्वास ठेवू नका. पास असेल तर मात्र एवढंच कळतं की मेल त्या डोमेनवरून आलाय, आणि चोराने स्वतःचं डोमेन घेऊन सगळं व्यवस्थित सेट केलं असेल तर त्याचाही मेल तिन्हीत पास होतो! फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर दिवसाला ५००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना गूगलने या तपासण्या सक्तीच्या केल्या, त्याने भुरटे बरेच अडले पण जे पद्धतशीर करतात त्यांनी नियम पाळले की झालं.

अजून एक प्रकार जो लोकांना पटतच नाही. मेल खऱ्या कंपनीच्या खऱ्या सर्व्हरवरून आलेला असतो आणि तरी फसवणूक असते. पेमेंट कंपनीवर अकाउंट काढून तुमच्या नावाने बिल बनवायचं, बिलाच्या टीप लिहायच्या जागेत "ही खरेदी तुम्ही केली नसेल तर या नंबरवर फोन करा" असं टाकायचं, की कंपनीच स्वतःहून तो मेल तुम्हाला पाठवते. पत्ता खरा, तपासण्या पास, लिंकसुद्धा खरी, खोटा फक्त फोन नंबर. तसंच कॅलेंडरचं आमंत्रण, फॉर्म, शेअर केलेलं डॉक्युमेंट यातून होतं.

३. लिंक न दाबता वाचायला शिका

कॉम्प्युटरवर माउस बटणावर नुसता नेला की खाली कोपऱ्यात खरा पत्ता दिसतो. मोबाईलवर लिंक दाबून धरायची, बोट उचलायची घाई करायची नाही, पत्ता वर येतो आणि मग कॅन्सल करून बाहेर.

आता वाचायचं कसं. दोन तिरक्या रेघांनंतर सुरुवात होते आणि त्यापुढची पहिली एकटी तिरकी रेघ आली की थांबायचं. मधला जो तुकडा आहे तो उजवीकडून डावीकडे वाचायचा. शेवटचे दोन शब्द म्हणजे मालक. समजा असं आहे:

तुमचीबँक डॉट कॉम डॉट व्हेरिफाय-लॉगिन डॉट नेट

यात बँकेचं नाव पूर्ण, डॉट कॉमसकट आहे, पण मालक व्हेरिफाय-लॉगिन डॉट नेट. डावीकडे तो हवं ते लिहू शकतो, त्याच्या घरचंच आहे. उलट लॉगिन डॉट तुमचीबँक डॉट कॉम असेल तर मालक तुमचीबँक डॉट कॉम. काही देशांच्या पत्त्यात शेवट दोन शब्दांचा असतो, को डॉट यूके वगैरे, तिथे तिसरा शब्द पण धरायचा. आणि त्या तुकड्यात मध्येच ॲटचं चिन्ह दिसलं तर त्याच्या आधीचं सगळं निरर्थक असतं, ब्राउझर ॲटच्या पुढच्या साइटवर जातो. हायफनवाल्या नावांचंही तसंच, तुमचीबँक-सपोर्ट डॉट कॉमचा तुमच्या बँकेशी संबंध असेलच असं काही नाही, ते कोणीही विकत घेऊ शकतं.

कुलपाचं चिन्ह आहे म्हणून सुरक्षित, हे विसरून जा. त्या कुलपाचा अर्थ तुमच्या आणि साइटच्या मधलं बोलणं तिसऱ्याला वाचता येत नाही एवढाच, समोर चोर बसला असेल तर चोराशी सुरक्षित बोलणं. कुलपासाठी लागणारं सर्टिफिकेट कोणालाही फुकट आणि काही मिनिटात मिळतं. लोक चुकीचा अर्थ काढतात म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ॲड्रेस बारमधलं कुलूप काढूनच टाकलं.

छोट्या केलेल्या लिंक असतील तर आतलं दिसत नाही. बिटली असेल तर शेवटी अधिकचं चिन्ह जोडून ब्राउझरमध्ये टाकलं की लिंक कुठे जाते ते आधी दाखवतात. पण खरं सांगू का, एवढा खटाटोप करायची वेळ आली म्हणजे ५ नंबर करायची वेळ आलीय.

४. अटॅचमेंट, क्यूआर आणि "कॉपी करून पेस्ट करा"

फाइलचं नाव शेवटपर्यंत वाचा. मे २००० मधला आय लव्ह यू व्हायरस आठवत असेल काहींना, फाइलच्या नावात टीएक्सटी दिसायचं आणि त्याच्या पुढे व्हीबीएस, म्हणजे चालणारा प्रोग्राम, होतं, पण विंडोज शेवटचं एक्स्टेन्शन (नावातल्या टिंबानंतरचा, फाइलचा प्रकार सांगणारा भाग) लपवायचं म्हणून लोकांना ती साधी मजकुराची फाइल वाटली. ते लपवणं विंडोजमध्ये आजही डीफॉल्ट चालू आहे, सेटिंगमध्ये जाऊन फाइल नेम एक्स्टेन्शन दिसतील असं करून ठेवा.

वर्ड, एक्सेल उघडल्यावर एनेबल कंटेंट किंवा मॅक्रो (फाइलच्या आतला छोटा प्रोग्राम) चालू करा असं म्हणालं तर बंद करा. २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने नेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो आपोआप अडवायला सुरुवात केली, तेव्हापासून झिप, आयएसओ, वननोट, एचटीएमएल असल्या फाइली जास्त यायला लागल्या. पासवर्ड लावलेली झिप आणि पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहिलेला, हे तर हमखास संशयास्पद, पासवर्ड लावतात तो मेल तपासणाऱ्या स्कॅनरला आत बघता येऊ नये म्हणून.

क्यूआर कोड मेलमध्ये यायचं एक कारण हेच, लिंक चित्रात लपते आणि तुम्ही ऑफिसच्या सुरक्षित कॉम्प्युटरवरून स्वतःच्या मोबाईलवर जाता. मेलमधला क्यूआर म्हणजे न वाचता येणारी लिंक, तेवढंच समजा.

सगळ्यात वाईट सध्या हा प्रकार: लिंक उघडली की "तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा" असं पान येतं, आणि सांगतात की विंडोज आणि आर दाबा, मग कंट्रोल व्ही, मग एंटर. त्या पानाने तुमच्या क्लिपबोर्डवर आधीच एक कमांड टाकलेली असते आणि ती तुम्ही स्वतःच्या हाताने चालवता. अँटीव्हायरसही बऱ्याचदा गप्प बसतो. कुठलाही खरा कॅपचा कीबोर्डवरून कमांड चालवायला सांगत नाही, कधीच नाही.

आणि स्पॅम फोल्डरमधून मेल बाहेर काढून उघडू नका. २०११ मध्ये आरएसए या सुरक्षेचाच धंदा करणाऱ्या कंपनीत घुसखोरी झाली ती अशीच, भरतीच्या प्लॅनची एक्सेल फाइल असलेला मेल जंकमध्ये गेला होता, एका कर्मचाऱ्याने तो तिथून काढून उघडला.

५. खात्री करायचीय? मेलच्या बाहेरून जा

माझ्या मते या सगळ्यात ही एक पायरी पाळली तरी बाकीच्या निम्म्या विसरल्या तरी चालतील. मेल म्हणतो अकाउंटला अडचण आहे, ठीक, मेल बंद करा आणि ॲप उघडा, किंवा आपला जुना बुकमार्क, किंवा पत्ता हाताने टाइप करा. खरंच अडचण असेल तर आत गेल्यावर दिसेल. माणसाच्या नावाने आला असेल तर त्या माणसाला आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करा, मेललाच रिप्लाय करून "तूच पाठवलास ना" विचारू नका, त्याचं अकाउंट गेलेलं असेल तर उत्तर चोरच देणार.

ही पायरी चुकवणं किती महागात पडू शकतं ते २०१६ मध्ये दिसलं. हिलरी क्लिंटन यांच्या प्रचाराचे प्रमुख जॉन पोडेस्टा यांना गूगलच्या नावाने मेल आला, कोणीतरी तुमचा पासवर्ड वापरलाय, बदला. त्यांच्याकडच्यांनी शहाणपणा करून आयटीवाल्याला विचारलं. त्याने मेल खरा आहे असं लिहिलं (नंतर तो म्हणाला, मला उलट लिहायचं होतं), पण त्याच उत्तरात पासवर्ड बदलायला गूगलची खरी लिंक पण दिली होती. क्लिक झालं ते मूळ मेलमधल्या बटणावर. हजारो मेल बाहेर गेले आणि त्या ऑक्टोबरपासून विकिलीक्सवर यायला लागले. म्हणजे ओळखण्यात चूक झाली ती झालीच, तरी बाहेरच्या रस्त्याने गेले असते तर काही बिघडलं नसतं.

६. क्लिक झालं. आधी ठरवा, नक्की काय झालंय

इथे लोक सगळं एकदम करायला जातात आणि महत्त्वाचं राहून जातं. खालीलपैकी तुमचं कुठलं ते बघा, एकापेक्षा जास्त असू शकतात.

नुसता मेल उघडला. सहसा काही होत नाही. आतल्या चित्रांमुळे मेल वाचला गेला एवढं पाठवणाऱ्याला कळू शकतं. रिप्लाय नको, शिव्या द्यायला पण नको, अनसबस्क्राइबवर पण क्लिक नको.

लिंक उघडली, काही टाइप केलं नाही. टॅब बंद करा, डाउनलोडमध्ये काही उतरलंय का बघा आणि उतरलं असेल तर न उघडता डिलीट करा, नोटिफिकेशनची परवानगी दिली असेल तर काढा, ब्राउझर अपडेट करा. अपडेटेड ब्राउझर असेल तर बहुतेक इथेच संपतं.

पासवर्ड टाइप केला. सबमिट दाबलं नाही म्हणून सुटलो असं धरू नका, काही पानं टाइप करतानाच अक्षरं पाठवत असतात. दुसऱ्या डिव्हाइसवरून, स्वतःच्या रस्त्याने खऱ्या साइटवर जा, पासवर्ड बदला, आणि तोच पासवर्ड जिथे जिथे आहे तिथेही बदला, सुरुवात ईमेलपासून, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड रीसेट करायची लिंक ईमेलवरच येते. मग ७ नंबर पूर्ण करा.

ओटीपी किंवा कोड पण दिला, किंवा फोनवर आलेलं "तुम्हीच लॉगिन करताय का" याला हो म्हटलं. आता चोर आत आहे असंच समजा. आजकालची खोटी पानं मधल्यामध्ये बसतात, तुमचा पासवर्ड आणि कोड त्याच सेकंदाला खऱ्या साइटवर टाकतात आणि लॉगिन झाल्यावर मिळणारी सेशनची कुकी (तुम्ही आत आहात हे साइटला सांगणारी खूण) उचलतात, मग त्यांना पासवर्ड परत लागतच नाही. म्हणून सगळीकडून साइन आउट करणं इथे पासवर्ड बदलण्याइतकंच गरजेचं आहे. कधी कधी कोड तुम्हाला पाठवलेला असतो आणि मायक्रोसॉफ्टच्या खऱ्याखुऱ्या पानावर टाकायला सांगतात, पान खरं असल्याने संशयच येत नाही, पण त्याने चोराचं डिव्हाइस तुमच्या अकाउंटला जोडलं जातं. तिथेही उपाय हाच.

एखाद्या ॲपला परवानगी दिली. हे सगळ्यात जास्त निसटतं. मे २०१७ मध्ये "अमुकने तुमच्याशी डॉक्युमेंट शेअर केलंय" असा मेल पसरला होता, लिंक गूगलच्याच खऱ्या पानावर जायची, तिथे गूगल डॉक्स नावाचं ॲप तुमचे मेल आणि कॉन्टॅक्ट वाचायची परवानगी मागायचं. ते ॲप गूगलचं नव्हतं, नुसतं नाव तसं ठेवलेलं. गूगलने तासाभरात ते बंद केलं पण तोपर्यंत प्रत्येकाच्या कॉन्टॅक्टमधल्यांना मेल गेले होते. यात पासवर्ड चोरीला जातच नाही, त्यामुळे नुसता पासवर्ड बदलून निर्धास्त होऊ नका, अकाउंटच्या सिक्युरिटीत जाऊन थर्ड पार्टी ॲप्सच्या यादीतून ते ॲप स्वतः काढून टाका.

फाइल चालवली किंवा कमांड पेस्ट केली. वायफाय बंद, केबल काढा. त्या मशीनवरून एकही पासवर्ड बदलू नका, नवीन पासवर्डही जाईल. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले सगळे पासवर्ड आणि चालू लॉगिन गेलेत असं धरून दुसऱ्या डिव्हाइसवरून एकेक बदला. विंडोजमध्ये डिफेंडर या त्याच्याच अँटीव्हायरसचं ऑफलाइन स्कॅन आहे ते करा, पण मला विचाराल तर महत्त्वाच्या फाइली काढून घेऊन विंडोज नव्याने टाकणं बरं, दोन दिवस कटकट होते पण मनात शंका राहत नाही.

७. मेल अकाउंट झाडून घ्या

पासवर्ड बदलल्यावर खालचं याच क्रमाने करा. मी दर वेळी असंच करते, क्रम चुकला की चोर त्याने जोडून ठेवलेल्या रिकव्हरी नंबरवरून परत आत येतो.

- रिकव्हरी ईमेल आणि फोन नंबर तुमचेच आहेत का
- दुसऱ्या टप्प्यातल्या लॉगिनमध्ये अनोळखी फोन, ऑथेंटिकेटर (कोड देणारं ॲप) किंवा पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या लॉकने लॉगिन करायची सोय) जोडलीय का, असेल तर काढा
- डिव्हाइसची यादी उघडा, अनोळखी सगळी साइन आउट. गूगलमध्ये पासवर्ड बदलल्यावर बऱ्याच ठिकाणचं लॉगिन जातं पण सगळीकडचं नाही, म्हणून यादी बघायचीच
- ॲप पासवर्ड (एखाद्या ॲपसाठी वेगळे काढलेले पासवर्ड) असतील तर रद्द
- थर्ड पार्टी ॲप्सची परवानगी
- फॉरवर्डिंग आणि फिल्टर

शेवटचं सगळ्यात जास्त विसरलं जातं. जीमेल कॉम्प्युटरवर उघडा (फोनच्या ॲपमध्ये हे सगळं दिसत नाही), सेटिंग, सगळी सेटिंग, मग 'फिल्टर्स अँड ब्लॉक्ड ॲड्रेसेस' आणि 'फॉरवर्डिंग' हे दोन टॅब. आउटलुकमध्ये 'रूल्स'. चोर इथे एक नियम टाकून जातो, बँक किंवा सिक्युरिटी असा शब्द असलेला मेल आला की माझ्याकडे पाठव आणि इथून डिलीट कर. तुम्हाला इशाऱ्याचे मेल दिसतच नाहीत आणि तुम्ही म्हणता सगळं शांत आहे. नंतर सेंट आणि ट्रॅश पण बघा, तुमच्या नावाने कोणाला काय गेलंय ते कळतं, आणि त्या लोकांना फोनवर किंवा मेसेजवर लगेच सांगा. लाज वाटते म्हणून लोक हे टाळतात, तेवढ्यात पुढचे दोघे फसतात.

अकाउंटमध्ये शिरताच येत नसेल तर रिकव्हरीचं पान नेहमीच्या डिव्हाइसवरून, नेहमीच्या ठिकाणच्या नेटवरून उघडा, गूगल ते बघतं. चोराने रिकव्हरी नंबर बदलला असला तरी जुना नंबर साधारण ७ दिवस चालू शकतो, म्हणून आज करू उद्या करू नको.

८. पैसे किंवा कार्डाची माहिती गेली असेल

६ आणि ७ नंतर नाही, हे आधी. बँकेला फोन, कार्ड ब्लॉक, पैसे ट्रान्सफर केले असतील तर ते थांबवायची विनंती, तक्रारीचा नंबर लिहून घ्या. पैसे चोराच्या पहिल्या खात्यात असेपर्यंतच अडवता येण्याची आशा असते, तिथून ते पटापट पुढे सरकवले जातात. मग तुमच्या भागातल्या सायबर पोलिसांकडे तक्रार, ती रक्कम छोटी असली तरी करा, बँक पुढे ती मागते. लागणारी कागदपत्रं:

- मूळ मेल, हेडरसकट, म्हणजे मेल कुठून कसा आला त्या लपलेल्या नोंदीसकट (शो ओरिजिनलमधून डाउनलोड होतो)
- खोट्या पानाचा पत्ता आणि स्क्रीनशॉट
- व्यवहाराचा नंबर, तारीख, वेळ, रक्कम
- बँकेच्या तक्रारीचा नंबर
- ओळखपत्राचा फोटो पाठवला असेल तर कुठलं आणि कधी, हे लिहून

यानंतर काही दिवसांनी "तुमचे पैसे परत मिळवून देतो, थोडी फी भरा" असं कोणीतरी म्हणणारच. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात. तोही फ्रॉडच.

९. ऑफिसचा मेल असेल तर

स्वतः काही दुरुस्त करायला जाऊ नका. नेट तोडा, मशीन चालू राहू द्या (बंद केलं तर मेमरीतले पुरावे जातात) आणि आयटीला फोन करा. मेल सहकाऱ्यांना "बघा रे हा काय आलाय" म्हणून साधा फॉरवर्ड करू नका, त्यातलाच एखादा क्लिक करतो. आउटलुकचं रिपोर्ट बटण वापरा किंवा मेल अटॅचमेंट म्हणून जोडून पाठवा, त्याने हेडर टिकतात.

बिल आणि खातं बदलल्याच्या मेलचं वेगळं सांगते कारण त्यात लिंकही नसते, फाइलही साधी असते, स्कॅनरला पकडायला काही नसतंच. "आमचं बँक खातं बदललंय, पुढचं पेमेंट इथे करा." कधी तर तो मेल तुमच्याच जुन्या खऱ्या संभाषणाच्या खाली येतो, कारण समोरच्याचा मेलबॉक्स फुटलेला असतो. २०१३ ते २०१५ दरम्यान लिथुआनियातल्या एका माणसाने तैवानच्या क्वांटा कॉम्प्युटर कंपनीच्या नावाने खोटी बिलं पाठवून गूगल आणि फेसबुककडून मिळून १० कोटी डॉलरच्या वर काढले, २०१९ मध्ये त्याला ५ वर्षांची शिक्षा झाली. त्यांच्याकडे सुरक्षेला माणसं कमी होती असं तर नाही ना. खातं बदललं की आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून विचारल्याशिवाय पैसे पाठवायचे नाहीत, बॉस कितीही घाई करो.

१०. रिपोर्ट करा, मग डिलीट

जीमेलमध्ये तीन टिंबं, रिपोर्ट फिशिंग. नुसतं स्पॅम म्हणण्यापेक्षा हे बरं. खोट्या पानाचा पत्ता गूगलच्या सेफ ब्राउझिंगकडे कळवता येतो, त्यांच्या यादीत गेला की क्रोम, फायरफॉक्स, सफारी वापरणाऱ्यांना लाल इशारा दिसायला लागतो. ज्या कंपनीचं नाव वापरलंय तिच्या साइटवरही बहुतेक वेळा फिशिंग कळवायचा पत्ता असतो. पाच मिनिटांचं काम आहे.

११. पुढच्यासाठी करून ठेवायच्या दोन-तीन गोष्टी

पासवर्ड मॅनेजर घ्या. लांब पासवर्ड तो लक्षात ठेवतो हे आहेच, पण मोठा फायदा वेगळाच आहे, तो चुकीच्या डोमेनवर पासवर्ड भरतच नाही. डोळे फसतात, तो अक्षर न अक्षर जुळवून बघतो. नेहमी आपोआप भरला जाणारा पासवर्ड आज भरला गेला नाही तर हाताने कॉपी करून टाकू नका, आधी पत्ता बघा! लोक वैतागून नेमकं तेच करतात.

त्याच्या वरची पायरी म्हणजे पासकी किंवा यूएसबी सिक्युरिटी की. ती त्या एका साइटशीच बांधलेली असते, खोट्या पानावर चालतच नाही, म्हणून मधल्यामध्ये बसणारे प्रकार तिच्यापुढे चालत नाहीत. गूगलने २०१८ मध्ये सांगितलं होतं की कर्मचाऱ्यांना अशी की सक्तीची केल्यावर ८५,००० च्या वर कर्मचाऱ्यांपैकी एकाचंही कामाचं अकाउंट फिशिंगने गेलं नाही. निदान मुख्य ईमेल आणि बँकेला, जिथे सोय असेल तिथे, हे लावा. एसएमएसचा ओटीपी काहीच नसण्यापेक्षा बरा, पण तो आपण स्वतःच खोट्या पानावर टाइप करून देतो.

आणि बॅकअप कोड, म्हणजे फोन हाताशी नसताना लॉगिनला वापरायचे कोड. गूगल ८ आकडी १० कोड देतं, ते कागदावर प्रिंट करून घरात ठेवा. त्याच मेलबॉक्समध्ये ड्राफ्ट म्हणून ठेवू नका, हे मी दोघातिघांकडे पाहिलंय.